उमेदवार कोण ठरवतो? : पुणे करारातील एक विसरलेली फेरी

उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन-अडीचच्या सुमारास सोलापूरच्या निवडणूक कचेरीबाहेर एकदा तरी उभे राहून पाहावे. गुलाल आणलेला असतो, पण उधळलेला नसतो. हलगीवाले आलेले असतात, पण हलगी तापवून नुसतेच बसलेले असतात. इच्छुकाच्या हातात भरलेला अर्ज असतो, अनामत रक्कम असते, सूचकांच्या सह्या असतात आणि तरीही तो आत जात नाही. तो वाट पाहत असतो मुंबईहून किंवा दिल्लीहून निघालेल्या दोन कागदांची. 'एबी फॉर्म' या नावाने ते आता शाळकरी पोरांनाही ठाऊक झाले आहेत. तीनच्या ठोक्याच्या आत ते निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचले तर तो माणूस पक्षाचा उमेदवार, नाही पोहोचले तर अपक्ष, अथवा सायंकाळच्या भाषेत 'बंडखोर'.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारी जुन्या गिरणीतले एक वृद्ध कामगार राहत असत. मत त्यांनी कधी चुकवले नाही, परंतु मतदान करून आल्यावर त्यांची एक ठरलेली कुरकुर असे. पंगतीला बसायचा मान आपला, पण ताट आधीच वाढून झालेले असते, आपण फक्त कुठल्या वाटीला आधी हात लावायचा एवढेच ठरवायचे, अशा अर्थाचे ते काहीतरी बोलत. तेव्हा तो म्हातारपणीचा चिडचिडेपणा वाटे. आता वाटते की लोकशाहीच्या इतिहासातला एक फार जुना प्रश्न ते आपल्या परीने मांडत होते. मतदार निवडतो हे खरे. पण ज्यांच्यातून निवडायचे त्यांना कोण निवडतो?

हा प्रश्न निघाला की आपल्याकडे लगेच अमेरिकेचे उदाहरण दिले जाते. तिथे म्हणे पक्षाचा उमेदवारही लोकच निवडतात. हे अर्धसत्य आहे, आणि उरलेले अर्धे अधिक बोधप्रद आहे. शिवाय उमेदवार मतदारांनीच आधी निवडावा ही कल्पना आपल्यालाही अनोळखी नाही. एके काळी ती या देशाच्या कायद्यात होती, आणि ती जिथे लिहिली गेली ते ठिकाण सोलापूरपासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. या लेखात या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न आहे.

*

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. त्यामुळे अध्यक्षपदाचा उमेदवार कसा ठरवावा याचा नियमही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पक्षाचे काँग्रेसमधले सदस्य एकत्र बसून नाव ठरवीत. १८२४ साली या पद्धतीविरुद्ध असंतोष उफाळला, कारण मूठभरांनी ठरविलेले नाव देशाने का मानावे, हा प्रश्न तेव्हाही होताच. १८३१ साली एका लहानशा तिसऱ्या पक्षाने बाल्टिमोर येथे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरवून उमेदवार निवडला आणि मोठ्या पक्षांनी ती रीत उचलली. पुढे ही अधिवेशनेही स्थानिक पुढाऱ्यांच्या मुठीत गेली. विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या प्रारंभी 'प्रायमरी'चा, म्हणजे प्राथमिक निवडणुकीचा कायदा झाला, तो या मुठी सोडविण्यासाठी.

मुठी सहजासहजी सुटत नाहीत. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या, पण अधिवेशनाने उमेदवारी दिली ती विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांना. रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढला, सुमारे २७ टक्के मते मिळवली, टाफ्ट यांना तिसऱ्या क्रमांकावर ढकलले आणि सुमारे ४२ टक्के मतांवर वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर बंडखोरीमुळे मतविभागणी झाली. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. शिकागोच्या रस्त्यांवर त्या वेळी जे झाले ते जगाने पाहिले. त्यानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून प्राथमिक निवडणुकांचा कौल निर्णायक ठरू लागला.

तरीही तिथल्या मतदाराची तक्रार संपली नाही. प्राथमिक निवडणुकीत मतदान थोडे होते, आरंभीच्या दोन-चार राज्यांचे वजन भलतेच असते आणि शेवटी कागदावर दोनच नावे खरी उरतात. १९९२ साली रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मते पडली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातले एकही मत मिळाले नाही. २०२४ साली तर प्राथमिक फेऱ्या जिंकून झालेल्या जो बायडेन यांनी २१ जुलै रोजी माघार घेतली आणि कमला हॅरिस पक्षप्रतिनिधींच्या मतांनी उमेदवार झाल्या. कारणे काहीही असोत, लोकांनी प्राथमिक फेरीत ज्यांना मते दिली ते नाव अंतिम कागदावर नव्हते.

*

आता पुण्याकडे वळू.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत देण्याचा अधिकार होता. गांधीजींनी २० सप्टेंबरपासून येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले. २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. इथवरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या, प्रांतिक विधिमंडळांतील त्यांची संख्या वाढून १४८ झाली आणि सिंधसह मुंबई प्रांताच्या वाट्याला त्यांपैकी १५ आल्या. पाठ्यपुस्तके इथेच थांबतात.

करारात आणखी एक कलम होते. प्रत्येक राखीव जागेसाठी त्या मतदारसंघातील फक्त अस्पृश्य मतदारांनी आधी मतदान करायचे आणि चार उमेदवारांची एक यादी निवडायची. प्रत्येकाने एकच मत द्यायचे आणि सर्वाधिक मते मिळालेले चौघे त्या यादीत जायचे. मग या चौघांतून एकाची निवड संयुक्त मतदारसंघाने, म्हणजे सवर्ण आणि अस्पृश्य अशा सर्व मतदारांनी मिळून करायची. करारात ही पद्धत दहा वर्षांसाठी होती आणि परस्परसंमतीने ती आधीही बंद करता येणार होती. वाटाघाटी तुटायला आल्या असताना सर तेजबहादूर सप्रू यांनी दोन फेऱ्यांची ही तोड पुढे आणली. पुढे ती १९३५ च्या कायद्यात समाविष्ट झाली आणि १९३७ व १९४५-४६ च्या प्रांतिक निवडणुका तिच्यानुसार झाल्या.

म्हणजे उमेदवार पक्षाच्या बैठकीत न ठरवता मतदारांनी मतपेटीतून ठरवावा, हे तत्त्व या देशात कायद्याने अमलात आले होते, आणि तेही सर्वाधिक दडपलेल्या समाजासाठी. अमेरिकेतल्या अध्यक्षीय उमेदवारीत प्राथमिक निवडणूक निर्णायक होण्याच्या कितीतरी आधी.

मग ते फसले का? पहिले कारण अगदी व्यावहारिक होते. उमेदवार चारांपेक्षा अधिक असतील तरच प्राथमिक फेरी घ्यायची होती. बहुतेक राखीव मतदारसंघांत तेवढे उमेदवारच उभे राहिले नाहीत, त्यामुळे फेरी झालीच नाही. दुसरे कारण पैशाचे. सर्वांत गरीब समाजातल्या उमेदवाराला एका जागेसाठी दोनदा निवडणूक लढवावी लागे. तिसरे कारण सर्वांत खोल होते. पहिल्या फेरीत अस्पृश्य मतदारांनी ज्याला सर्वाधिक मते दिली तो दुसऱ्या फेरीत पडू शकत होता आणि चौथ्या क्रमांकावर कसाबसा आत आलेला सवर्ण मतांवर निवडून येऊ शकत होता. १९३७ साली मुंबई प्रांतात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ पैकी १४ जागा जिंकून या रचनेतूनही वाट काढली. १९४५-४६ मध्ये मात्र शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा प्रांतोप्रांती धुव्वा उडाला, आणि प्राथमिक फेरीतील आमचा कौल अंतिम फेरीत पुसला गेला, हेच बाबासाहेबांचे म्हणणे होते. पुढे घटना समितीत ऑगस्ट १९४७ मध्ये एस. नागप्पा यांनी अशी दुरुस्ती सुचविली की राखीव जागेवरील विजयी उमेदवाराला अनुसूचित जातींच्या मतांपैकी किमान ३५ टक्के मते मिळालेली असावीत. सरदार पटेलांनी विरोध केला आणि दुरुस्ती मागे घेण्यात आली. राखीव जागा राहिल्या. त्यांच्यासाठी उमेदवार निवडण्याचा मतदारांचा अधिकार राहिला नाही.

या ठिकाणी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचे स्मरण होते. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचे इतके वर्चस्व होते की त्या पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकणे म्हणजेच निवडून येणे. आणि त्या प्राथमिक निवडणुकीत टेक्साससारख्या राज्यात फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. अंतिम निवडणुकीत कृष्णवर्णीयाने मत दिले तरी त्याला अर्थ उरलेला नसे. १९४४ साली, ह्यूस्टनचे एक दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही 'गोरी प्रायमरी' रद्द ठरविली.

दोन्ही रचना शेजारी ठेवल्या की आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट्या दिसतात. टेक्सासमध्ये पहिली फेरी निर्णायक होती आणि तिचे दार बंद होते. दुसरे दार उघडे होते, पण आत काही शिल्लक नव्हते. इथे पहिली फेरी अस्पृश्यांची स्वतःची होती, पण निर्णय दुसऱ्या फेरीत होत होता आणि तिथे ते अल्पसंख्य होते. फेऱ्या किती, याला फारसे महत्त्व नाही. ज्या फेरीत खरा निर्णय होतो त्या फेरीत आपल्या मताला वजन आहे काय, हा प्रश्न आहे. आजच्या मतदाराच्या वैतागाकडे याच प्रश्नातून पाहिले पाहिजे असे मला वाटते.

*

पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत एक नाव पां. ना. राजभोज यांचे आहे. त्या वेळी ते डॉ. आंबेडकरांच्या गटातले नव्हते. पुढे ते फेडरेशनमध्ये आले आणि जुलै १९४६ मध्ये त्याच करारातून निपजलेल्या व्यवस्थेविरुद्ध पुण्यात जो सत्याग्रह झाला त्याच्या पुढारपणात होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हेच राजभोज फेडरेशनच्या उमेदवारीवर लोकसभेत गेले, आणि त्यांना पाठविणारा मतदारसंघ होता सोलापूर.

ही निवडणूक मुद्दाम आठवावी अशी आहे. तेव्हा सोलापूर द्विसदस्य मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. देशभर काँग्रेसची लाट असताना सोलापूरने दोन्ही जागा काँग्रेसबाहेर दिल्या. राखीव जागेवर राजभोज आणि सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. फेडरेशनला त्या लोकसभेत साऱ्या देशातून दोनच जागा मिळाल्या, त्यांतली ही एक. खुद्द बाबासाहेब त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून पराभूत झाले होते. १९३० साली लष्करी कायदा सोसलेल्या आणि चार हुतात्मे दिलेल्या या गिरणगावाला, 'दोहोंतला एक' हे बंधन तेव्हा मान्य नव्हते असे म्हणायला हरकत नसावी.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ साली रद्द झाले. हळूहळू काँग्रेसचे वर्चस्व बसले आणि निवडणुकीपेक्षा उमेदवारीच मोठी ठरू लागली, थेट टेक्साससारखी. मात्र त्या काळातल्या काँग्रेसमध्ये उमेदवारीची वाट निदान खालून वर जाणारी होती. तालुका आणि जिल्हा समित्यांमध्ये निवडणुका होत, प्रदेश समिती शिफारस करी, मध्यवर्ती समिती शिक्कामोर्तब करी. ही वाट निर्मळ होती असे मुळीच नाही. जात, पैसा, साखर कारखाना, सगळे तिच्यावर उभे होते. पण जिल्ह्यातल्या माणसाला जिल्ह्यातच भांडता येत होते. १९७२ नंतर काँग्रेसमधल्या अंतर्गत निवडणुकाच थांबल्या, त्या पुन्हा झाल्या १९९२ साली. या वीस वर्षांत 'हायकमांड' हा शब्द मराठी होऊन गेला. इतर पक्षांनी या गोष्टीला नावे ठेवली आणि जमेल तेव्हा तिचे अनुकरण केले.

कायद्याने या केंद्रीकरणाला आधारच दिला. निवडणूक चिन्हांविषयीचा आदेश १९६८ चा. पक्षाचे चिन्ह कोणाला द्यायचे हे पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या शाईच्या सहीवर ठरते. 'ए' फॉर्ममध्ये त्या व्यक्तीच्या सहीचा नमुना आणि 'बी' फॉर्ममध्ये उमेदवाराचे नाव. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला आणि आपल्या राज्यघटनेत राजकीय पक्ष प्रथमच अवतरले, ते दहाव्या परिशिष्टातून. निवडून आल्यावरही पक्षादेशाबाहेर मत दिले तर सदस्यत्व जाते. त्यामुळे आमदाराला मतदारापेक्षा पक्षाची मर्जी राखणे अधिक निकडीचे झाले. १९८९ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षनोंदणीचे कलम आले. त्यात राज्यघटना, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही या सर्वांवर निष्ठा मागितली आहे. परंतु पक्षाने आपला उमेदवार कसा निवडावा याबद्दल एक अक्षर नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्याची शिफारस केली, २०१५ च्या २५५ व्या अहवालात पुन्हा केली. दोन्ही अहवाल वाचनीय आहेत आणि तेवढेच राहिले.

*

या साऱ्या काळात सोलापूर जिल्ह्यात 'तिसरे' कोणी नव्हते असे नाही. सांगोल्यात गणपतराव देशमुख १९६२ पासून शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवारीवर अकरा वेळा निवडून आले. १९७२ साली ते पडले, १९९५ साली केवळ १९२ मतांनी पडले, पण पक्ष बदलला नाही. त्यांची उमेदवारी मुंबईत ठरत नसे असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. ती सांगोल्यातच ठरलेली असे, मुंबईला फक्त कळत असे. सोलापूर शहरात नरसय्या आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून आमदार झाले. २००९ पासून ते सतत हरत आले. तरी याच माणसाच्या चिकाटीतून कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि रे नगरमधील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. दोन्ही प्रकल्पांतील घरे देताना देशाचे पंतप्रधान आले होते. २००६ मध्ये मनमोहन सिंग आणि २०२४ मध्ये नरेंद्र मोदी. घर मिळाले म्हणून मत मिळतेच असे नाही, कारण मत देताना माणूस सरकार कोणाचे येणार याचाही हिशेब करतो. पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला आडम मास्तर हवेसे वाटत असतील आणि तरीही ती दुसरीकडे बटण दाबत असेल. तिला दोष देता येत नाही. दोन बलाढ्य पर्यायांच्या रचनेत तिसऱ्यावरचे प्रेम परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेत दोन पक्ष आहेत. आपल्याकडे दोन आघाड्या झाल्या. बहुपक्षीय देशात पर्याय भरपूर असतात ही समजूत आघाड्यांनी मोडीत काढली. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेच्या वेळी सहा मोठे पक्ष होते, पण ते तीन-तीन करून दोन बाजूंना वाटलेले. त्यामुळे २८८ मतदारसंघांतल्या मतदाराला आधी जागावाटपाची आणि मग उमेदवारीची अशा दोन चाळण्यांतून उरलेले नाव मिळाले, आणि या दोन्ही चाळण्यांना त्याचा हात कुठेच लागला नव्हता. दक्षिण सोलापूरचे उदाहरण तर ताजे आहे. तिथे काँग्रेसने आपल्या यादीत दिलीप माने यांचे नाव जाहीर केले, पण एबी फॉर्म दिला नाही. आघाडीचे अधिकृत उमेदवार उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे अमर पाटील होते. आणि २० नोव्हेंबर रोजी, मतदान सुरू असताना, सुशीलकुमार शिंदे यांनी अपक्ष धर्मराज काडादी यांना पाठिंबा जाहीर केला. सकाळी लवकर मत देऊन आलेल्या आघाडीच्या मतदाराने काय करावे? निवडून आले ते भाजपचे सुभाष देशमुख.

लोकसभेच्या जागेचीही कथा वेगळी नाही. २०१९ साली सोलापुरात वंचित बहुजन आघाडीकडून प्रकाश आंबेडकर स्वतः उभे होते. त्यांना सुमारे १ लाख ७० हजार मते मिळाली. सुशीलकुमार शिंदे यांचा भाजपच्या जयसिद्धेश्वर महास्वामींकडून पराभव झाला तो सुमारे १ लाख ५८ हजारांनी. लगेच म्हटले गेले की वंचितने मते खाल्ली. हा शब्दप्रयोग जरा निरखून पाहावा. मते खाल्ली म्हणजे ती मुळात दुसऱ्या कोणाच्या ताटातली होती, मतदाराची नव्हती. 'तिकीट', 'बंडखोर', 'निष्ठावंत', 'मतविभागणी' हे सारेच शब्द पक्ष कार्यालयाच्या खिडकीतून बाहेर पाहत तयार झालेले आहेत. मतदाराच्या बाजूने पाहून तयार झालेला एकही शब्द आपल्या निवडणुकीच्या भाषेत मला सापडत नाही. आणि भाजपने तरी २०१४, २०१९ आणि २०२४ या तीन निवडणुकांत तीन वेगळे उमेदवार दिले. दोनदा निवडून आलेल्या पक्षाच्या मतदाराला आपल्या खासदाराच्या कामाचा हिशेब मतपेटीत मांडण्याची संधी एकदाही मिळाली नाही.

*

हे झाले दुखणे. औषध कोणते?

अमेरिकेची नक्कल आपल्याकडे एकदा करून झाली आहे, आणि तीही शेजारच्या लातुरात. २०१४ च्या लोकसभेपूर्वी राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग केला. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. लातुरात दत्तात्रय बनसोडे आणि वर्ध्यात सागर मेघे निवडले गेले. मत देणारे होते पक्षाचे पदाधिकारी आणि प्रतिनिधी. सामान्य मतदाराला तिथे जागा नव्हती. वर्ध्यात तर विद्यमान खासदारांचे चिरंजीवच जिंकले. दोघेही पुढे लोकसभेला पडले आणि प्रयोगही तिथेच गुंडाळला गेला. त्या वर्षी काँग्रेस सर्वत्रच पडत होती, तेव्हा पराभवाचे खापर प्रयोगावर फोडणे अन्यायाचे होईल. पण पहिल्या फेरीचे दार अर्धवट उघडून भागत नाही, एवढे तरी त्यातून दिसले.

दुसरे औषध 'नोटा'चे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते आले. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला साडेसत्तावीस हजारांच्या घरात मते पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. युतीत ही जागा शिवसेनेकडे गेल्याने स्थानिक भाजप कार्यकर्ते नाराज होते, हे त्याचे उघड कारण. मतदारांनी, निदान त्यांतल्या काहींनी, जागावाटपावरच मत दिले होते. परिणाम शून्य, कारण कायद्यात नोटाला आवाज आहे, हात नाहीत.

तिसरे औषध सांगलीने २०२४ साली घेतले. महाविकास आघाडीत जागा शिवसेनेला गेली, उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे एक लाखाच्या फरकाने निवडून आले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामत जप्त झाली. मतदारांनी पहिल्या फेरीत नाकारलेला आपला हक्क दुसऱ्या फेरीत वसूल केला, असे याचे वर्णन करता येईल. पण हे औषध सगळ्यांना लागू पडणारे नाही. विशाल पाटील हे वसंतदादांचे नातू आहेत. ज्याच्या मागे घराणे नाही, कारखाना नाही, त्या बंडखोराची दुसऱ्या दिवशी बातमीही होत नाही.

पुन्हा पुणे करारापाशी येऊन थांबतो. त्या कराराचे मूल्यमापन हा या लेखाचा विषय नाही आणि त्यात बाबासाहेबांनी काय गमावले याची चर्चा इतरांनी पुष्कळ केली आहे. मला त्यातल्या एका विस्मृत कलमाचे मोल वाटते ते याकरिता, की उमेदवारी ही पक्षाची खाजगी बाब नसून तिच्यावर मतदाराचा हक्क असू शकतो, हे त्याने कायद्याच्या भाषेत मान्य केले होते. ते फसले, कारण निर्णयाची किल्ली दुसऱ्या फेरीत ठेवली गेली आणि पहिल्या फेरीचा कौल बंधनकारक नव्हता. आज परिस्थिती उलट आहे. किल्ली पहिल्या फेरीत आहे आणि तिथे मतदाराला बोलावणेच नाही. १९४६ साली पुण्यात सत्याग्रहाला बसलेल्या माणसांना आपण नेमके कुठे वगळले जातो आहोत हे कळले होते. आपल्याला ते कळले आहे का, याची मला शंका आहे. कारण आपला सगळा राग मतदानाच्या दिवसावर निघतो, आणि खरा निर्णय त्याच्या तीन आठवडे आधी दुपारी तीन वाजता होऊन गेलेला असतो.

आमच्या शेजारचे ते कामगार पुढे वारले. त्यांची गिरणी त्याआधीच बंद पडली होती. मत मात्र त्यांनी शेवटपर्यंत चुकवले नाही, आणि परत आल्यावरची ती कुरकुरही. लहानपणी आम्हाला ती हास्यास्पद वाटे. ताट कोणी वाढले हे विचारायला तेव्हा आम्ही शिकलो नव्हतो.